नसलेल्या भागांचा माग

जुनं ड्रिल मशीन हाती येतं तेव्हा जड ते सगळं जागेवर असतं. बैठक असते, खांब असतो, टेबल असतं, डोकं असतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सहसा कुठे जात नाही. जातात ते हलके भाग: चकची (ड्रिल पकडणाऱ्या जबड्यांची) चावी, भोक किती खोल जावं ते ठरवणाऱ्या दांड्यावरचे नट, हँडलच्या टोकाचे गोळे, पुलीवरचं झाकण, टेबल आवळायची मूठ, नावाची पट्टी. मशीन या शेडमधून त्या शेडमध्ये, या मालकाकडून त्या मालकाकडे फिरत राहतं आणि दर फेरीत एखादा भाग गळतो. शेवटी ज्याच्याकडे ते येतं त्याला वाटतं, गंज काढला, रंग दिला की झालं.

गंज आणि रंग ही सोपी कामं आहेत. जुनी मशीन दुरुस्त करण्याच्या या छंदात मला गुंतवून ठेवलं ते नसलेल्या भागांनी. असलेला भाग साफ करून परत बसवता येतो. तो तसाच का आहे, हा प्रश्न सहसा पडत नाही. नसलेला भाग मात्र आधी डोक्यात उभा करावा लागतो. तिथे काय होतं, कशाला टेकत होतं, कोणत्या बाजूला ओढत होतं, किती जोर सोसत होतं, हे रिकाम्या जागेवरून वाचावं लागतं. हाताशी खुणा असतात त्या एवढ्याच: झिजलेली कडा, घासून चमकलेला पट्टा, रंग न लागलेला एखादा चौकोन. मशीन बनवणाऱ्याचं डोकं कसं चालत होतं ते मला याच खुणांनी शिकवलं.

पण त्याआधी मशीनची ओळख पटायला हवी. नावाची पट्टी शाबूत असेल तर उत्तमच, तरी तिच्यावर फार विसंबू नये. ड्रिल मशीन बनवणारी डेल्टा कंपनी हर्बर्ट टाउट्झ यांनी 1919 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत सुरू केली, 1945 मध्ये ती रॉकवेल कंपनीकडे गेली, आणि एकेकाळची तिची प्रतिस्पर्धी वॉकर-टर्नरही 1956 मध्ये रॉकवेलकडेच आली. पट्ट्या बदलत गेल्या, पण साचे काही लगेच बदलले नाहीत. अमेरिकेतल्या सिअर्स या दुकानांच्या साखळीने ‘क्राफ्ट्समन’ नावाने विकलेली ड्रिल मशीन तर सिअर्सने स्वतः बनवलेलीच नव्हती. त्यांच्या मॉडेल क्रमांकात टिंबाच्या आधी तीन आकडे असतात. 103 असेल तर मशीन किंग-सीलीचं, 101 असेल तर ॲटलसचं, 113 असेल तर एमर्सनचं. त्यामुळे एका क्राफ्ट्समनचा भाग दुसऱ्या क्राफ्ट्समनला बसेलच असं नाही, आणि भलत्याच नावाच्या मशीनचा भाग मात्र बिनबोभाट बसून जातो. भाग शोधणाऱ्याला हे तीन आकडे माहीत असले की त्याची निम्मी वणवण वाचते.

पट्टी नसेल तर बिडावर उठावात आलेले आकडे बघायचे. तो आकडा मॉडेलचा समजून लोक भाग मागत फिरतात. खरं तर तो त्या एका ओतीव तुकड्याचा क्रमांक असतो. डोक्यावर वेगळा, टेबलावर वेगळा, बैठकीवर वेगळा. हे सगळे एका कागदावर उतरवून शेजारी शेजारी ठेवले की कुठला भाग मूळचा आणि कुठला दुसऱ्या मशीनवरून आलेला, ते लक्षात येतं. मापाचाही एक घोळ असतो. अमेरिकी मशीनला 14 इंची म्हणतात तेव्हा खांबापासून स्पिंडलच्या, म्हणजे ड्रिल फिरवणाऱ्या दांड्याच्या, मध्यापर्यंत 7 इंच असतात, म्हणजे 14 इंच रुंद पाटीच्या मधोमध भोक पाडता येतं. इतर अनेक देशांत मशीनचं माप सांगतात ते पोलादात किती व्यासाचं ड्रिल चालतं त्यावरून. 13 मिमीचं मशीन आणि 14 इंची मशीन यांची तुलना म्हणून करताच येत नाही.

आता चक. जुन्या मशीनवरचा चक बहुतेक वेळा मूळचा नसतो, आणि असला तर इतका झिजलेला असतो की बारीक ड्रिल धरलं की टोक गोल गोल फिरताना डोळ्यांना दिसतं. तीन जबड्यांचा, दात्यांच्या चावीने आवळायचा चक आर्थर जेकब्स यांनी 1902 मध्ये पेटंट केला. त्याच वर्षी बफेलो फोर्ज या कंपनीतल्या विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. आजच्या एअर कंडिशनिंगची सुरुवात तिथून धरतात. ही बफेलो फोर्ज ड्रिल मशीनही बनवायची. तिचं मोठं, जड मशीन समोर आलं की मला हे हटकून आठवतं.

चक स्पिंडलवर ज्या टेपरने, म्हणजे निमुळत्या भागाने, बसतो तो टेपर ओळखणं फार महत्त्वाचं. मोठ्या मशीनच्या स्पिंडलमध्ये आतून मोर्स टेपर असतो. ट्विस्ट ड्रिलचं पेटंट 1863 मध्ये घेणारे स्टीफन मोर्स, त्यांच्याच नावाचा हा टेपर. क्रमांक 2 च्या मोर्स टेपरचं मोठं टोक 0.700 इंचाचं आणि उतार साधारण 20 ला 1. इतक्या कमी उताराने पृष्ठभाग एकमेकांना घट्ट धरतात आणि बोल्टाची गरज उरत नाही. लहान मशीनवर मात्र स्पिंडलचं टोकच बाहेरून निमुळतं केलेलं असतं, जेकब्स टेपरच्या मापाचं. इथे गंमत आहे. जेकब्स 33 चं मोठं टोक 0.6240 इंच आणि जेकब्स 6 चं लहान टोक 0.6241 इंच. एक जिथे संपतो जवळजवळ तिथेच दुसरा सुरू होतो. म्हणून 6 चा चक 33 च्या स्पिंडलवर चढवला तर वरवर पाहता जातो, पण कुठेच धरत नाही. मग पत्र्याची चकती, कागद, चिकट द्रव्य असे प्रकार सुरू होतात. असं जुळवलेलं मशीन मी चालू करत नाही. फिरत्या चकचं वजन आणि त्याच्या दात्यांची धार लक्षात घेतली तर कुणीच करू नये.

टेपर जुळतो की नाही हे बघायची खात्रीची रीत जुनीच आहे. स्पिंडलवर मार्किंग ब्लूचा (खुणा उठवणाऱ्या निळ्या रंगाचा) अगदी पातळ हात द्यायचा, चक हाताने बसवून किंचित फिरवायचा आणि काढून आत बघायचं. निळा डाग लांबीभर सारखा आला तर टेपर जुळला. एकाच कडेला आला तर टेपर चुकीचा आहे किंवा कुठेतरी ओरखड्याचा उंचवटा आहे. ओरखडा असेल तर बारीक दगडाने तेवढा उंचवटाच उतरवायचा. सगळा टेपर पॉलिश पेपरने घासायचा मोह होतो, पण त्याने आकारच बिघडतो.

मूळ चक चांगल्या जातीचा असेल तर तो टाकण्याआधी उघडून बघावा, असं मी आग्रहाने सांगेन. जबडे पूर्ण आत घ्यायचे, बाहेरची बाही नळीवर टेकवायची आणि अंग प्रेसने सरकवून काढायचं. आत तीन जबडे आणि त्यांच्या आट्यांवर फिरणारं, दोन अर्धुकांचं एक नट असतं. हे नट आधी अख्खं बनवतात आणि मग मुद्दाम तोडतात, त्यामुळे ती दोन अर्धुकं फक्त एकमेकांशीच जुळतात. तुटलेल्या कडेचा खडबडीतपणा दाणा न् दाणा बसतो. जबड्यांवर 1, 2, 3 असे आकडे असतात आणि ते त्याच क्रमाने घालावे लागतात, कारण प्रत्येकावरचे आटे थोडे थोडे पुढे सरकलेले असतात. पुष्कळदा आत फक्त दगडासारखं झालेलं जुनं ग्रीस आणि बारीक कीस निघतो. धुवून, तेल देऊन परत बसवलं की ज्याला ‘गेलेला’ म्हणून बाजूला ठेवलं होतं तो चक पुढे कितीतरी वर्षं चालतो.

सगळ्यात जास्त हरवते ती क्विल, म्हणजे स्पिंडलला पोटात धरून वर-खाली सरकणारी नळी, वर ओढणारी स्प्रिंग. हँडल खाली ओढलं की पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, फिरतो, क्विलच्या पाठीवरचा रॅक, म्हणजे दात्यांची सरळ पट्टी, खाली सरकतो आणि ड्रिल जॉबमध्ये, म्हणजे भोक पाडायच्या तुकड्यात, शिरतं. हँडल सोडलं की क्विल आपसूक वर जायला हवी. ते काम डोक्याच्या एका बाजूला गोल डबीत बसलेली, घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली पोलादी पट्टी करते. तिचं आतलं टोक पिनियनच्या दांड्याच्या चिरेत अडकतं, बाहेरचं डबीच्या खाचेत. डबी फिरवून ताण द्यायचा आणि नटाने धरायचा. कुणीतरी आत काय आहे हे न कळता डबी खोलतं, पट्टी सपकन उलगडते, बोटं कापते, आणि मग ती डबी पुन्हा भरायला कुणी धजत नाही. मशीन तसंच चालवलं जातं, दर भोकानंतर क्विल हाताने वर ढकलत.

स्प्रिंग जागेवर असलेलं मशीन उघडताना वीज तोडून, क्विल लॉक करून, जाड हातमोजे घालून डबी घट्ट धरावी, खाचेतून जेमतेम सुटेल इतकीच बाहेर घ्यावी आणि हातातल्या हातात हळूहळू सैल होऊ द्यावी. चालत्या मशीनवर हातमोजे कधीच घालू नयेत, इथे मात्र ते हवेतच.

माझ्याकडच्या मशीनची डबी रिकामी होती आणि तिची मूळ स्प्रिंग कुठे मिळण्यासारखी नव्हती. डबी रॉकेलने धुतली तेव्हा आतल्या भिंतीवर एक स्वच्छ, चकचकीत पट्टा दिसला. बाकी भिंत काळपट, तेवढाच पट्टा घासून गुळगुळीत झालेला. वर्षानुवर्षं स्प्रिंग ताणली आणि सुटली, त्यात तिने स्वतःची रुंदी तिथे कोरून ठेवली होती. ती मोजली. पिनियनच्या दांड्यावरची चीर मोजली, त्यावरून पट्टी जास्तीत जास्त किती जाड असू शकेल ते कळलं. खाच कोणत्या बाजूला झिजली होती त्यावरून गुंडाळीची दिशा कळली. लांबीसाठी अशा स्प्रिंगांचा एक जुना नियम आहे: दांडा आणि डबी यांच्यामधली जवळपास निम्मी जागा पट्टीने भरली की सगळ्यात जास्त फेरे मिळतात. त्याहून लांब पट्टी घातली तर ती स्वतःच्याच गर्दीत अडकते. रिकाम्या डबीने मला हवं ते जवळजवळ सगळं सांगितलं.

जाडीच्या बाबतीत मात्र अंदाज चालत नाही. अशा पट्टीचा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. 1 मिमीच्या जागी 0.8 मिमीची पट्टी घातली तर जोर जवळपास निम्म्यावर येतो आणि क्विल अर्ध्यातच थांबते. उलट 10 टक्के जाड पट्टी घेतली तर जोर एक तृतीयांशाने वाढतो आणि दिवसभर हँडल ओढून खांदा भरून येतो. टोकांना आकडा करताना फक्त शेवटचा भाग लाल करून गरम असतानाच वाकवायचा आणि सावकाश निवू द्यायचा. मागची पट्टी व्हाइसमध्ये दाबून थंड ठेवायची, नाहीतर तिला दिलेलं पाणी, म्हणजे कडक लवचिकपणा, उतरतं आणि ती नुसती पट्टी उरते.

बेअरिंगच्या बाबतीत उलटा अनुभव येतो. इंचांत मोजलेल्या, इंची आट्यांच्या अमेरिकी मशीनमध्येही बॉल बेअरिंग मिलिमीटरची निघतात, कारण त्यांची मापं फार लवकर जगभर सारखी झाली. 6203 क्रमांकाचं बेअरिंग म्हणजे आतला व्यास 17, बाहेरचा 40, जाडी 12 मिमी. 6205 म्हणजे 25, 52 आणि 15. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की 04 पासून पुढे आतला व्यास मिळतो. कुठल्यातरी बंद पडलेल्या कंपनीचा, कुणालाच न कळणारा क्रमांक बेअरिंगवर असेल तर वैतागू नये, व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची मोजपट्टी) घेऊन तीन मापं काढावीत. दहापैकी नऊ वेळा ते आजही सहज मिळणारं बेअरिंग असतं. मशीन बनवणाऱ्याने जिथे जिथे जगाचं माप वापरलं तिथे त्याचं मशीन आजही जिवंत आहे. जिथे स्वतःचं खास काही केलं तिथे आपल्याला लेथवर उभं राहावं लागतं.

आट्यांचं असंच. ब्रिटिश बनावटीच्या जुन्या मशीनवर व्हिटवर्थचे 55 अंशांचे आटे असतात, जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये मांडलेले. अमेरिकी आटे 60 अंशांचे. पाव इंचाला दोन्हीकडे इंचामागे 20 आटे, त्यामुळे भलता बोल्टही खुशाल जातो आणि नंतर आटे खातो. अर्ध्या इंचाला मात्र ब्रिटिश 12, अमेरिकी 13. म्हणून शंका आली की अर्ध्या इंचाचा एखादा बोल्ट शोधायचा आणि त्यावर पिच गेज (आटे ताडून बघायच्या दातेरी पात्या) लावायचा. मशीन कुठलं आहे ते तो सांगतो.

वेग बदलण्यासाठीची लहानमोठ्या पायऱ्यांची पुली जस्ताच्या मिश्रधातूची असेल तर तिच्याकडे जरा जपून बघावं. जुन्या काळी जस्तात शिशाचा अंश राहायचा आणि ओतीव भाग आतून दाण्यादाण्याने सडत जायचा. बाहेरून रंग ठीक, पण अंगावर जाळीसारख्या भेगा आणि माप फुगलेलं. 1929 मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने 99.99 टक्के शुद्ध जस्तावर आधारलेला झामाक हा मिश्रधातू आणला तेव्हा हा रोग आटोक्यात आला. भेगा पडलेल्या पुलीवर इलाज नाही. ती मोजून घ्यायची आणि ॲल्युमिनियमची किंवा बिडाची नवी करून घ्यायची. पायऱ्यांच्या मापात आपलं डोकं चालवू नये, कारण मोटरवरची पुली तिच्याशी जोडीने बनलेली असते आणि पट्टा एका पायरीवर घट्ट, दुसरीवर सैल होतो.

मोटरबद्दल फार लिहीत नाही. रबराचं आवरण भुगा झालेली वायर एकदाही चालू करून बघू नये, आधी बदलावी आणि अर्थिंग द्यावं. एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: अमेरिकेतल्या 60 हर्ट्झच्या विजेसाठी बनलेली मोटर आपल्याकडच्या 50 हर्ट्झवर पाच-षष्ठांश वेगाने फिरते. लाकूडकामासाठी बनलेल्या जुन्या मशीनचा सगळ्यात कमी वेगही पोलादातल्या मोठ्या ड्रिलसाठी सहसा जास्त असतो, तेव्हा हे कमी होणं एका परीने पथ्यावर पडतं. मऊ पोलादाला मिनिटाला 25 मीटर हा वेग धरला तर 10 मिमीच्या ड्रिलला 800 फेरे लागतात, 25 मिमीच्या ड्रिलला फक्त 320 च्या आसपास.

गंजाला मी सोडा आणि बॅटरी चार्जर वापरतो. पाण्यात धुण्याचा सोडा, ऋण तार भागाला, धन तार टाकाऊ लोखंडाला. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं, आणि निघणाऱ्या हायड्रोजनसाठी जागा मोकळी, हवेशीर हवी. जुना रंग कोरडा घासू नये, त्यात शिसं असण्याची दाट शक्यता असते.

टेबलावरच्या खड्ड्यांबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. खाली लाकूड न ठेवता पाडलेल्या भोकांच्या खुणा जवळपास प्रत्येक जुन्या टेबलावर असतात. काहीजण त्यात बिडाच्या बुचा ठोकून टेबल पुन्हा सपाट करतात. सपाटी बिघडली नसेल तर मी त्यांना हात लावत नाही. जॉब धरायला त्यांचा अडथळा होत नाही, आणि टेबल पुन्हा तासायला गेलं की बीड कमी होतं ते परत येत नाही. मेहनत घ्यायचीच तर टेबलाच्या मागच्या, खांबाला आवळणाऱ्या कानांवर घ्यावी. मूळ मूठ हरवली की लोक तिथे लांब पान्याने बोल्ट आवळतात आणि बीड तडकतं. ती चीर ब्रेझिंगने, म्हणजे पितळी डाखाने, भरताना सगळा तुकडा आधी सावकाश तापवावा लागतो आणि राखेत पुरून सावकाश निवू द्यावा लागतो.

चालू स्थितीतलं, सगळे भाग असलेलं मशीन केवळ सुटे भाग विकण्यासाठी मोडतात, हे बघून मला खरोखर वाईट वाटतं. खांब वाकलेलं, डोकं फुटलेलं मशीन मोडावं, त्याचे भाग दहा ठिकाणी कामी येतात. पण धडधाकट मशीन मोडलं की बैठक आणि खांब भट्टीत जातात आणि मागे उरते ती चार विकाऊ तुकड्यांची पेटी. त्यापेक्षा हरवलेला भाग मोजून नवा करणं मला बरं वाटतं, आणि त्यासाठी कुणाकडे तरी त्या भागाचं माप लिहिलेलं असायला हवं.

म्हणून माझ्या मशीनच्या बैठकीखाली प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद आहे. त्यावर बेअरिंगचे क्रमांक, पट्ट्याची लांबी, टेपरचं माप, नेहमीपेक्षा वेगळ्या आट्यांचे बोल्ट आणि स्प्रिंगची रुंदी, जाडी, लांबी, दिशा लिहिली आहे. तुमचं मशीन खोललेलं असेल तर ते बंद करण्याआधी एवढं लिहून ठेवा. स्प्रिंगची जाडी मायक्रोमीटरने घ्या, व्हर्नियरवर भागवू नका. 1 मिमीच्या पट्टीत 0.05 मिमी इकडेतिकडे झालं तरी जोरात 15 टक्क्यांच्या आसपास फरक पडतो.